लोकर माणदेशातही आहे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फुरसतीच्या छंदांवर जे पानभर लेखन आले, त्यातील लोकरीच्या फेल्टिंगविषयीचा भाग मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण आम्ही सात-आठ जणी गेली सहा वर्षे जे करत आहोत त्याची छापील दखल प्रथमच दिसली. दुसऱ्यांदा थोड्या नाराजीने वाचला, कारण हा छंद परदेशातून आलेला आहे आणि त्यासाठी लागणारी लोकर आयातच करावी लागते, अशी दोन विधाने त्यात अगदी सहज करून टाकली होती. पहिले विधान अर्धवट आहे, दुसरे चुकीचे.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगते. विणकामात लोकरीचा धागा होतो आणि धाग्याचे कापड. फेल्टिंगमध्ये धागाच नसतो. पिंजलेल्या लोकरीचे पातळ थर उभे-आडवे एकावर एक मांडायचे, त्यांवर साबणाचे गरम पाणी शिंपडायचे आणि चोळत, दाबत, गुंडाळत राहायचे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात; ऊब, ओल आणि घर्षण मिळाले की तंतू एकमेकांत शिरत जातात आणि खवल्यांमुळे त्यांना मागे फिरता येत नाही. चांगला स्वेटर गरम पाण्यात धुतला की बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर येतो, हे दुःख पुष्कळ घरांनी सोसले असेल. आम्ही तेच जाणूनबुजून करतो. लिंबाएवढा गोळा लाडवासारखा तळहातांत वळायला घेतला, तर पहिली काही मिनिटे तो लिबलिबीत राहतो, त्याला भेगा पडतात, आणि घाईने दाबला तर भेगांच्या घड्या होतात, ज्या पुढे काही केल्या जात नाहीत. म्हणून सुरुवातीला हात अगदी अलगद फिरवावा लागतो. पाच-सात मिनिटे अशी गेली की तळहातालाच कळते, आतून काहीतरी घट्ट झाले आहे. आमच्यातील एक जण त्याला विरजण लागले असे म्हणते आणि मला त्याहून नेमका शब्द अद्याप सुचलेला नाही.

दुसरा प्रकार कोरडा, सुईचा. या सुईला नेढे नसते. तिच्या टोकाजवळ बारीक खाचा असतात आणि प्रत्येक टोचणीसरशी त्या चार-दोन तंतू आत ओढून नेतात. ३६ नंबरची सुई जाड कामाला, ३८ नंबरची रोजच्या कामाला आणि ४० नंबरची बारीक सुई चिमणीचे डोळे बसवायला. सुई तिरपी गेली की 'टच्' असा आवाज होऊन मोडते आणि तिचे टोक लोकरीच्या मेंढीच्या पोटात शोधत बसावे लागते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो. त्या दिवशी डाव्या तर्जनीला चिकटपट्टी नसलेली सदस्या दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, असे यजमानीणबाईंचे यजमान पोहे आणून ठेवताना म्हणाले होते, ते खोटे नाही.

आता परदेशी असण्याविषयी. माझे आजोळ हातकणंगले तालुक्यातील. तिथे माजघरात घडी करून ठेवलेले जेन नावाचे जाड काळे अंथरूण होते. ते घोंगडीसारखे मागावर विणलेले नव्हते. लोकर पिंजून, थर लावून, पाणी मारून, गुंडाळी करून ती तुडवत तुडवत घट्ट केलेली, म्हणजे आज ज्याला आपण फेल्ट म्हणतो तेच ते. थंडीत त्यावर निजायला मिळावे म्हणून आम्हा मावस-मामेभावंडांत भांडणे होत. त्याच तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते; हळदीने पिवळ्या झालेल्या माझ्या परकराला चिकटलेले लोकरीचे पुंजके आजी संध्याकाळी एकेक करून वेचून काढत असे आणि टाकून न देता देव्हाऱ्याजवळ ठेवत असे. काश्मीरच्या नमद्याचे, म्हणजे तिथल्या फेल्टच्या गालिच्याचे, नाव झाले. किर्गिझस्तानच्या फेल्टच्या गालिच्यांची कला युनेस्कोने २०१२ मध्ये तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतली. आपल्या पुरवणीत मात्र लोकर दाबून वस्तू करण्याचा उगम थेट समुद्रापलीकडे गेला. सुईचा प्रकार आपल्याकडे बाहेरून आला, हे मला मान्य आहे. ओल्या प्रकाराबद्दल तसे म्हणवत नाही.

लोकरीच्या आयातीचा मुद्दा मला अधिक लागला. आमच्यातील बहुतेकींनी सुरुवात मेरिनो जातीच्या परदेशी मेंढ्यांच्या रंगवलेल्या लोकरीच्या पुड्यांनीच केली आणि त्या लोकरीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मेरिनोचा तंतू साधारण २४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असतो, तो लवकर जमतो, आणि गळ्याभोवती घ्यायचा रुमाल करायचा तर दुसरे काही घेऊ नये. दख्खनी मेंढीची लोकर ३० मायक्रॉनहून जाड, भरड आणि केसाळ. तिला जमायला वेळ लागतो, हात दुखतात, आणि अंगालगत ती टोचते. पण एकदा जमली की देवापुढचे आसन, चपलेतला तळ, गरम पातेल्याखालचे ठेवणे, यांसाठी तिच्यासारखी टिकाऊ लोकर मी तरी वापरलेली नाही. माझे पहिले दख्खनी आसन पाच वर्षे रोजच्या वापरात आहे आणि त्याच्या कडा अजून सुटलेल्या नाहीत. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर मिळाली तर ती पुष्कळच मऊ असते. तिला जावळ म्हणतात, आपल्या बाळांचे असते तेच जावळ.

ही लोकर मी मिळवली कशी, तेही लिहिते, कारण छंदातला निम्मा आनंद त्यातच आहे. माण तालुक्यात ओळखीतून एका धनगर कुटुंबाच्या मुक्कामावर गेले. मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. एका मेंढीची वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो लोकर निघते आणि कातरणाऱ्याची मजुरीदेखील तिच्या विक्रीतून सुटत नाही. घोंगडीला गिऱ्हाईक होते तोवर घोंगड्या विणणाऱ्या सणगरांच्या मागांना ही लोकर लागे. आता ती पुष्कळदा कातरल्या जागीच पडून राहते. "न्या की ताई, पडूनच हाय," एवढेच त्या घरच्या आजी म्हणाल्या आणि पैसे घेण्यास तयारच होईनात. पोते घेऊन मी एसटीत बसले. पावसाळी हवेत कच्च्या लोकरीला मेंढीचा जो वास सुटतो तो शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला असावा, कारण तिकीट देताना वाहकाने अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारले, "मावशी, लोकर दिसतीया, मेंढरू कुठं ठेवलं?"

घरी आल्यावर त्या पोत्यातून कुसळे, गोखरूचे काटे, लेंड्या आणि बाभळीची अख्खी डहाळी निघाली. कोमट रिठ्याच्या पाण्यात लोकर बुडवून ठेवायची आणि हात बांधून बसायचे; ढवळण्याचा मोह झाला तर टबातच जेन तयार होते. तीन पाण्यांनंतर ती गच्चीवर पसरली, तेव्हा दिसले की जिला मी काळी समजत होते ती मुळाशीच काळी होती. टोके उन्हाने तांबूस झाली होती, मधला भाग करड्याकडे झुकणारा, आणि काही बटा निव्वळ पांढऱ्या. असा रंग मी आजवर कोणत्याही पुडीतून विकत आणू शकलेले नाही. दुपारी चिमण्यांनी त्यातला आपला वाटा नेला. उरलेली सुकवून कडुनिंबाच्या पाल्यासह डब्यात भरली. लोकरीला कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते आणि ती कसर लागली की छंदातही कसर राहते, एवढा अनुभव मी एक निळा स्वेटर गमावून घेतला आहे.

एका प्रदर्शनात ही आसने मांडण्यासाठी जागा मागितली असता, रंग सणासुदीचा नाही, असे कारण देऊन आयोजकांनी नकार दिला. मी नाराज झाले, हे लपवत नाही. पण आता वाटते की त्यांनीही ही लोकर कधी हातात घेतली नसावी. शहरातील छंदिष्टाला एका वेळी शंभर ग्रॅम धुतलेली, पिंजलेली लोकर हवी असते आणि मेंढपाळाकडे असते ती कुसळांसकट पोतेभर. या दोहोंच्या मधले काम, म्हणजे निवडणे, धुणे, पिंजणे आणि रंगानुसार पुड्या बांधणे, करणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही. एखाद्या बचत गटाने ते हाती घेतले तर आमच्यासारख्या पाच-पन्नास जणींच्या खरेदीने मेंढपाळाचा संसार उभा राहील, असा माझा भ्रम नाही. परंतु कातरणाऱ्याची मजुरी तरी निघू शकेल. गेल्या दिवाळीपासून हे भिजत घोंगडे मी आमच्या गटापुढे ठेवले आहे. दोघींनी धुण्याची तयारी दाखवली आहे, पिंजण्याची अजून कोणी नाही.

पुरवणीत आपण दुरुस्ती छापाल, अशी आशा आहे. छायाचित्र छापण्याचा विचार असल्यास मागे छापलेल्या गुलाबी हत्तीऐवजी या वेळी काळी मेंढी घ्यावी, अशी विनंती. लेखनकर्त्यांना स्पर्श करून पाहता यावा म्हणून धुतलेल्या दख्खनी लोकरीचा एक पुंजका या पत्रासोबत पाकिटात ठेवला आहे. त्यात एखादे कुसळ राहून गेले असल्यास क्षमा असावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा