आधी रोकडीचं पान लिही

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बिझनेस प्लॅन दोनदा वाचला. पिशव्यांचे नमुने सुरेख आहेत. हा धंदा तू करावास असं मला मनापासून वाटतं, म्हणून स्पष्ट लिहितो. हा प्लॅन तू कर्ज देणाऱ्याला पटावा म्हणून लिहिला आहेस. आधी स्वतःला पटेल असा लिही.

‘बाजार मोठा आहे, 1 टक्का मिळाला तरी पुरे’ हे वाक्य काढून टाक. पहिली गिऱ्हाइकं कोण, त्यांच्यापर्यंत तू कशी पोचणार, आज ती कोणाकडून घेतात, ते लिही. ‘छान आहे’ म्हणणारे मोजू नकोस, आगाऊ पैसे देणारे मोज.

मग एका पिशवीचा हिशोब मांड. कापताना वाया जाणारं कापडही त्यात धर. शिवणं, चेन लावणं, धागे कातरणं, इस्त्री, घडी, प्रत्येकाला लागणारा वेळ घड्याळ लावून बघ. समज, पिशवी 300 ला विकलीस आणि तिच्यावर 180 खर्च झाले, तर हाती 120 उरतात. भाडं, वीज, मदतनिसाचा पगार, कर्जाचं व्याज असा महिन्याचा ठरलेला खर्च 36,000 असेल, तर 300 पिशव्या विकल्यावर तू ना नफा ना तोटा अशी उभी राहशील. आता 10 टक्के सूट देऊन बघ. पिशवीमागे 90 च उरतात आणि तेवढ्याचसाठी 400 विकाव्या लागतात. सूट देण्याआधी हे गणित करत जा. आणि ठरलेल्या खर्चात तुझा स्वतःचा पगारही हवा. तू तो धरलेलाच नाहीस. घरच्या माणसाची मेहनत फुकट धरली की तोट्यातला धंदाही फायद्याचा दिसतो.

पण मला खरी काळजी आहे ती रोकडीची. तुझ्या प्लॅनमध्ये नफा-तोटा आहे, रोकडीचं पान नाही. एखाद्या दुकानदाराने 200 पिशव्या 60 दिवसांच्या उधारीवर घेतल्या, तर कागदावर 24,000 सुटले. प्रत्यक्षात कापड आणि शिलाईचे 36,000 तुझ्या खिशातून आधीच गेलेले असतात आणि भाडं काही थांबत नाही. कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दलही नफा-तोट्यात दिसत नाही, खात्यातून मात्र जातं. चांगली मागणी असलेले धंदे असेच खेळत्या भांडवलावाचून बसतात.

म्हणून 12 महिन्यांचे 12 रकाने आख. वर सुरुवातीची शिल्लक, खाली येणारे पैसे, जाणारे पैसे, शेवटी उरलेली शिल्लक. विक्री झाली त्या महिन्यात नव्हे, पैसे हातात पडतील त्या महिन्यात लिही. मग विक्री निम्मी आणि वसुली एक महिना उशिरा, असं धरून तोच तक्ता पुन्हा कर. ज्या महिन्यात शिल्लक सगळ्यात खाली जाईल, त्यावरून तुला किती भांडवल लागेल ते कळेल. कर्जाचा आकडा तिथूनच काढ. आत्ता तू तो अंदाजाने घातला आहेस. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला तेही लिही, म्हणजे पुढे बदलायला सोपं जाईल.

सुरुवातीचा सारांश अगदी शेवटी लिही. नमुन्यांची पानं आहेत तशीच राहू दे, त्यांना मी हात लावणार नाही.

रोकडीचा तक्ता झाला की बाकीच्याची वाट न बघता तेवढाच पाठव. आईलाही दाखवणार आहे, वसुलीचं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुझे,
बाबा