कार्ड कंपनी देते, बोलणी ग्राउंड स्टाफ खातो

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

गेल्या डिसेंबरात इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, तेव्हा ३ ते ५ डिसेंबर २०२५ या तीन दिवसांत अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी देशभरातील विमानतळांवर अडकून पडले. त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम, एकाच कंपनीच्या हाती गेलेली बाजारपेठ आणि तिकिटांचे भडकलेले दर यांवर भरपूर लिहिले गेले व ते आवश्यकही होते. परंतु त्या दिवसांतील बहुतेक चित्रफितींत एकच प्रसंग वेगवेगळ्या शहरांत पुन्हा पुन्हा दिसत होता, तो म्हणजे काउंटरच्या आत गणवेशातील दोन-तीन तरुण कर्मचारी आणि बाहेर त्यांच्यावर तुटून पडलेला जमाव. या दोन बाजूंमधील नात्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. कामानिमित्त पुण्याहून दिल्ली आणि बंगळुरूला सतत जावे लागत असल्याने, आणि विमान कंपन्या ज्यांना ‘विशेष सदस्य’ म्हणतात त्यांच्यात मोडत असल्याने, मला त्याविषयी काही म्हणायचे आहे.

त्या गोंधळाचे मूळ कारण आता सर्वांना ठाऊक आहे. वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे सुधारित नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. दोन्ही टप्पे मिळून आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि एका वैमानिकाला रात्री किती वेळा विमान उतरवता येईल यावर अधिक कडक मर्यादा आली. म्हणजे तयारीला भरपूर अवधी होता. ती तयारी नीट का झाली नाही याचे उत्तर कंपनीच्या मुख्यालयात मिळाले असते, पुण्याच्या किंवा नागपूरच्या टर्मिनलमध्ये नव्हे. नागर विमान वाहतूक महासंचालनालयाने पुढे जानेवारीत कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि काही वरिष्ठांवर ठपका ठेवला. पण त्या तीन दिवसांत शिव्या ज्यांनी खाल्ल्या, त्यांचा वैमानिकांच्या रोस्टरशी काडीचाही संबंध नव्हता. पुढचे विमान कधी सुटेल हे त्यांच्या पडद्यावरही दिसत नव्हते. ते प्रवाशाइतकेच अंधारात होते.

सामान्य प्रवासी चिडला तर ते समजू शकते. वर्षातून एकदा लग्नासाठी किंवा परीक्षेसाठी निघालेल्या माणसाला विमानतळाचा कारभार कसा चालतो याची कल्पना नसते. पण मी अनेकदा पाहिले आहे की सर्वांत मोठा आवाज नेहमी विमानाने फिरणाऱ्यांचा असतो, आणि तो बहुधा एका ठरावीक वाक्याने सुरू होतो: मी तुमच्या कंपनीचा गोल्ड मेंबर आहे. हे वाक्य त्याच्या तोंडी कोणी घातले, हा माझ्या पत्राचा खरा विषय आहे.

अमेरिकेत १९७८ मध्ये विमानसेवेवरील सरकारी नियंत्रणे उठली, कंपन्यांमध्ये दरयुद्ध पेटले आणि १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी प्रवासाचे मैल साठवून त्यांच्या बदल्यात मोफत प्रवास मिळवण्याची योजना आणली. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. तिथून ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे एअर इंडियाने २०२४ मध्ये आपल्या योजनेचे हिशेब अंतराऐवजी खर्च केलेल्या रुपयांशी जोडले, आणि त्याच वर्षी, इतकी वर्षे या भानगडीत न पडलेल्या इंडिगोनेही ‘ब्लूचिप’ नावाची योजना सुरू केली. चांदी, सोने, प्लॅटिनम अशा पायऱ्या करून कंपनी प्रवाशाला सांगत असते की तू इतरांसारखा नाहीस, तुझ्यासाठी वेगळी रांग आहे, तुझे सामान आधी येईल, तुझा शब्द आम्ही खाली पडू देणार नाही. ईमेलमधली ही भाषा विपणन विभाग लिहितो. ती पाळायची वेळ येते तेव्हा मात्र समोर उभी असते ती पहाटे तीनला शिफ्टवर आलेली चेक-इनची मुलगी, जिच्या हाती एखादी सीट बदलून देण्यापलीकडे फारसे काही नसते.

महाराष्ट्राला या बाबतीतला एक प्रसंग विसरता येणार नाही. २३ मार्च २०१७ रोजी उस्मानाबादचे तत्कालीन खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून एअर इंडियाच्या विमानाने दिल्लीला गेले. त्यांच्याकडे बिझनेस क्लासचे तिकीट होते आणि त्या विमानात सगळ्याच जागा इकॉनॉमीच्या होत्या. दिल्लीत उतरण्यास नकार देऊन त्यांनी समजूत काढायला आलेल्या अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि ते कॅमेऱ्यासमोर अभिमानाने सांगितलेही. विमान कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली आणि पंधरवड्याच्या आत, त्यांनी मंत्र्यांना खेदाचे पत्र दिल्यावर, ती उठलीही. खासदारकीचा माज हा त्या घटनेचा एक भाग झाला. पण कोणते विमान त्या मार्गावर लावायचे हे मार खाणाऱ्या माणसाने ठरवले नव्हते. तो फक्त त्या वेळी तिथे हजर असलेला कंपनीचा एकमेव चेहरा होता.

त्या प्रकरणानंतर सप्टेंबर २०१७ मध्ये बेशिस्त प्रवाशांसाठीची नियमावली आली. शिवीगाळ केल्यास तीन महिन्यांपर्यंत, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्या वर्तनासाठी किमान दोन वर्षे विमानप्रवासावर बंदी घालता येते. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती तीस दिवसांत निर्णय देते. नियमावली चांगलीच आहे, पण तिची रचना मुख्यत्वे विमानातील वर्तनाभोवती केलेली आहे. तिथे तक्रार वैमानिकाकडून सुरू होते. टर्मिनलमधील काउंटरवर किंवा बोर्डिंग गेटवर घडलेला प्रकार सुरक्षा यंत्रणा आणि पोलीस यांच्याकडे सोपवून दिला जातो, आणि तिथे तो ‘आपसांत मिटवून टाका’ या वाटेने जातो. जुलै २०२५ मध्ये श्रीनगरच्या विमानतळावर हातातल्या सामानाची सात किलोची मर्यादा असताना सोळा किलो सामान नेऊ पाहणाऱ्या प्रवाशाने स्पाइसजेटच्या चार कर्मचाऱ्यांना मारहाण केली आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यांपैकी एकाच्या मणक्याला इजा झाली. तो प्रकार इतका टोकाचा आणि कॅमेऱ्यात पकडला गेलेला नसता, तर आपल्यापर्यंत पोहोचला असता का, याची मला शंका आहे.

काउंटरवरील माणसाच्या हाती नेमके काय असते, हे नेहमीच्या प्रवाशाने एकदा नीट समजून घेतले तर त्याचा अर्धा संताप योग्य पत्त्यावर जाईल. बऱ्याच ठिकाणी ही माणसे विमान कंपनीच्या थेट नोकरीत नसतातच. त्यांची नेमणूक ग्राउंड हँडलिंग करणाऱ्या वेगळ्या कंपनीकडे किंवा उपकंपनीकडे असते. अंगावर गणवेश एकाचा आणि पगार दुसऱ्याचा. जुलै २०२४ मध्ये मुंबईत कलिना येथे विमानतळावरील सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामाची भरती निघाली, तेव्हा महिन्याला २० ते २५ हजार रुपयांच्या त्या कामासाठी हजारो तरुण लोटले आणि चेंगराचेंगरीची भीती निर्माण झाली. नोकरी मिळवण्यासाठी अशी झुंबड उडत असेल, तर ती मिळालेला माणूस वरिष्ठांना न विचारता प्रवाशाला खोलीचे कूपन किंवा दुसऱ्या कंपनीचे तिकीट देईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला भीती असते ती मेमोची.

त्यात आता मोबाइल आला आहे. कर्मचाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी असते, त्यामुळे चित्रफितीत नाव येते ते त्याचे. उड्डाण रद्द करण्याचा निर्णय घेणाऱ्याचे नाव कोणालाही कळत नाही. प्रवास संपल्यावर कंपनीचा संदेश येतो की आमच्या कर्मचाऱ्यांची वागणूक कशी वाटली, दहापैकी गुण द्या. तीन तास उशिरा पोहोचलेला प्रवासी रागाने दोन गुण देतो. ते दोन गुण उशिराचे असतात, पण जमा होतात कर्मचाऱ्याच्या खात्यावर. आम्हा कार्डधारकांच्या गुणांना आणि समाजमाध्यमांवरील तक्रारींना तर अधिकच वजन असते. आमच्यापैकी कितीतरी जण हे हत्यार म्हणून वापरतात आणि लाउंजमध्ये बसून ‘एक ट्वीट टाकले आणि कशी सीट मिळाली’ याच्या कथा रंगवून सांगतात. त्या सीटपायी कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागले, हे त्या कथेत नसते.

याचा अर्थ कर्मचारी सगळे निर्दोष आहेत असा नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये दिल्लीत इंडिगोच्या कर्मचाऱ्यांनीच एका प्रवाशाला विमानाजवळ खाली पाडून धक्काबुक्की केली होती. कंपनीला त्याबद्दल माफी मागावी लागली. त्याहून रोजचा दोष म्हणजे खोटे बोलणे. ‘विमान दहा मिनिटांत येत आहे’ असे सांगितले जाते आणि नेहमीच्या प्रवाशाला मोबाइलवर दिसत असते की ते विमान अजून दुसऱ्या शहरातून निघालेलेही नाही. हे खोटे बहुधा वरून आलेले असते, हे मान्य. तरीही ते डोळ्यांत डोळे घालून सांगितले जाते तेव्हा विश्वास उडतो, आणि पुढे खरे सांगणाऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. जानेवारी २०२४ मधील धुक्याच्या दिवसांत दिल्लीहून गोव्याला जाणाऱ्या विमानात उशिराची घोषणा करणाऱ्या वैमानिकाला एका प्रवाशाने ठोसा मारला. मार खाणारा तो वैमानिक आधीच्या चमूची कामाची वेळ संपल्यामुळे बदली म्हणून आलेला होता. म्हणजे ज्याच्यामुळे ते विमान निघू शकणार होते, त्यालाच मार बसला. त्यानंतर लगेच महासंचालनालयाने विमानास होणाऱ्या विलंबाची खरी माहिती वेळोवेळी देण्याच्या सूचना कंपन्यांना दिल्या. त्या सूचना किती पाळल्या जातात, हे धुक्याच्या दिवशी दिल्लीत अडकलेल्या कोणालाही विचारावे.

उलट दिशेची चूकही तितकीच गंभीर असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात बिझनेस क्लासमधील एका मद्यधुंद प्रवाशाने ज्येष्ठ महिलेच्या अंगावर लघवी केली आणि दिल्लीत उतरल्यावर तो निघून गेला. पुढे कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला आणि मुख्य वैमानिकाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. महागड्या वर्गातील गिऱ्हाइकाला दुखवायचे नाही हे ज्यांच्या अंगी मुरवले जाते, ते ऐनवेळी कठोर होऊ शकत नाहीत, असे मला त्या प्रकरणावरून वाटते. मग ज्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यांच्या संरक्षणाची गरज असते, तेच उघड्यावर पडते.

कंपन्यांच्या लेखी कार्डधारक आणि कर्मचारी या दोन बाजूंची किंमत काय असते, हे जेट एअरवेजने दाखवून दिले. मुंबईत मुख्यालय असलेली ही कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली. प्रवाशांच्या मैलांचा हिशेब ठेवणारी योजना वेगळ्या कंपनीच्या नावावर होती. ती त्याच वर्षी नाव बदलून ‘इंटरमाइल्स’ झाली आणि पुढेही चालत राहिली. सदस्यांचे पॉइंट वाचले. पगार, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांसाठी मात्र हजारो कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे न्यायाधिकरणांचे उंबरठे झिजवावे लागले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा, आदेश दिला. ज्या मुलीने आपल्याला अनेक वेळा हसून खिडकीची सीट दिली तिची ग्रॅच्युइटी अडकली आणि आपले मैल शाबूत राहिले, ही गोष्ट जेटच्या जुन्या सदस्यांनी तरी ध्यानात ठेवायला हवी होती.

आता मागणीबद्दल. उड्डाणाच्या लांबीनुसार दोन ते चार तासांहून अधिक उशीर झाल्यास खाणेपिणे, सहा तासांहून अधिक झाल्यास पूर्ण परतावा किंवा पर्यायी उड्डाण, आयत्या वेळी रद्द झाल्यास ठरावीक परिस्थितीत पाच ते दहा हजार रुपयांपर्यंत भरपाई, हे सर्व आपल्या नियमांत आधीपासून आहे. प्रश्न एवढाच आहे की ते देण्याचा अधिकार टर्मिनलमधील ड्युटी मॅनेजरच्या हाती नसतो. तो प्रत्येक प्रवाशासाठी मुख्यालयाला फोन करत बसतो आणि त्या अवधीत वाद पेटतो. महासंचालनालयाने एवढे बंधनकारक करावे की नियमात बसणारी भरपाई जागेवर मंजूर करणारा अधिकारी प्रत्येक विमानतळावर प्रत्येक पाळीत हजर असेल, आणि विलंबाचे लेखी कारण फलकावर मुख्यालयातील जबाबदार अधिकाऱ्याच्या पदनामासह लागेल. काउंटरवरील मारहाणीची तक्रार थेट बेशिस्त प्रवाशांविषयीच्या त्या समितीपुढे नेण्याची मुभा कर्मचाऱ्याला मिळावी, आणि दोषी ठरलेल्या सदस्याचे कार्ड व पॉइंट बंदीच्या काळात गोठवावेत. बंदीपेक्षा या शेवटच्या अटीची धास्ती आम्हा मंडळींना अधिक वाटेल, हे मी अनुभवाने सांगतो.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबरात सुरू झाला आहे. तिथल्या कंपन्या आणि ग्राउंड हँडलिंगच्या कंत्राटांची घडी अजून पुरती बसलेली नाही. या अटी जुन्या विमानतळांवर नंतर घुसवत बसण्यापेक्षा तिथल्या करारांत आताच लिहिता येतील. राज्यातील खासदारांपैकी कोणी हा प्रश्न संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडला, तर आम्हा प्रवाशांपेक्षा गेटवर उभ्या असलेल्या मुलामुलींवर त्याचे अधिक उपकार होतील.

आपला,
एक नियमित विमानप्रवासी, पुणे