उन्हाळ्यातील डिस्टिलरी भेटीत झालेली हेळसांड आणि दिलेली चुकीची माहिती याबाबत तक्रार

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
डिस्टिलरी व अभ्यागत विभाग

विषय : मे महिन्यातील भेटीत पाणी-सावलीची सोय नसणे, सुरक्षेतील हलगर्जी, आणि पैसे घेऊनही बॅरलचे गोदाम न दाखवणे.

महोदय,

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी, माझे मेहुणे, आमचे व्याही आणि बावीस वर्षांचा भाचा असे चौघे आपली व्हिस्कीची डिस्टिलरी पाहायला आलो होतो. माणशी ९०० रुपये आगाऊ भरले होते. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. धान्यापासून बाटलीपर्यंतचा सगळा कारखाना, बॅरलच्या (व्हिस्की मुरवायच्या लाकडी पिंपांच्या) गोदामात फेरी आणि शेवटी चव घेण्याची सोय, असे आपल्या जाहिरातीत लिहिले होते. गोदाम आम्हाला दाखवलेच नाही. बाकीचे ज्या तऱ्हेने दाखवले, त्याबद्दल हे पत्र आहे.

आधी उन्हाचे सांगतो. नवतपा चालू होता आणि आपण आम्हाला दुपारी साडेबाराची वेळ दिली. मी फोनवर सकाळची वेळ मागितली होती, तेव्हा "सकाळी बॅच नसते" असे उत्तर मिळाले. मेच्या अखेरीस विदर्भात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. या दिवसांत इथला शेतकरी दहा-अकराच्या आत वावरातून घरी परततो. आपण मात्र पाहुण्यांना पत्र्याच्या शेडमध्ये अर्धा तास बसवून ठेवले, तिथला पाण्याचा जार रिकामा होता, आणि मग सायलोपासून (धान्याच्या उंच कोठीपासून) गिरणीपर्यंत, गिरणीपासून फर्मेंटरपर्यंत (आंबवण्याच्या टाक्यांपर्यंत) उघड्या काँक्रीटवरून चालवत नेले. हेल्मेट दिले ते योग्यच होते, पण त्याखाली दुपट्टा बांधू दिला नाही.

फर्मेंटरच्या जिन्यापाशी आमच्या व्याह्यांना घेरी आली. त्यांचे वय अडुसष्ट. आपल्या एका सुरक्षारक्षकाने धावत येऊन त्यांना सावलीत बसवले, स्वतःच्या बाटलीतले पाणी पाजले, स्वतःचा दुपट्टा ओला करून त्यांच्या मानेवर ठेवला. त्या माणसाची कंपनीने दखल घ्यावी, ही माझी मनापासूनची विनंती आहे. गाईड म्हणाला, "काका, पाच मिनिटांत टेस्टिंग हॉल येतो, तिथे एसी आहे." हॉलमध्ये पोहोचल्यावर आमच्या हातात पहिला पेला दिला तो व्हिस्कीचा. पाणी आम्हाला मागून घ्यावे लागले. घामाने अंग सुकलेले असताना दारू लघवीवाटे आणखी पाणी बाहेर काढते. ऊन लागलेल्या माणसापुढे तो पेला ठेवताना कुणालाच काही वाटू नये, याचा मला संताप आला आणि अजूनही येतो.

त्याच हॉलमध्ये माझ्या भाच्यालाही पेला दिला. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. फाटकावर आमची आधार कार्डे पाहून नोंद केली होती, म्हणजे त्याचे वय आपल्या रजिस्टरमध्ये लिहिलेले होते. मी तो पेला परत केला. आपल्या परवान्याच्या दृष्टीने ही बाब किती गंभीर आहे, हे आपल्याला माहीत असेलच.

मी एका साखर कारखान्याच्या आसवनीत प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालो. मळीपासून स्पिरिट काढण्यात आयुष्य गेले, म्हणून पुढची गोष्ट जास्त काळजीने लिहितो. स्टिल हाउसमध्ये, म्हणजे स्पिरिट गाळतात त्या इमारतीत, आमच्यासोबतची मंडळी मोबाइलने फोटो काढत होती, एकाने फ्लॅशही मारला. गाईडने कुणालाच अडवले नाही. शुद्ध अल्कोहोलवर १३ अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ जमते, आणि हवेत ती साडेतीन टक्क्यांच्या जवळ गेली की एक ठिणगी पुरते. त्या दुपारी आतले तापमान चाळीसच्या वर नक्कीच होते. आमच्या आसवनीत गाळलेले स्पिरिट जमा होते त्या रिसीव्हर खोलीत जाताना शिफ्टच्या माणसालाही मोबाइल दाराबाहेर ठेवावा लागे. आपल्याकडे तशी पाटी दारावर होती, पण इंग्रजीत, आणि तिच्याखालूनच सगळे मोबाइल हातात घेऊन आत गेले.

आता मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. गोदाम कधी पाहायचे असे विचारले, तर गाईड म्हणाला, "तिथे बघण्यासारखं काही नाही काका, फार गरम असतं." त्याऐवजी एसी हॉलमध्ये आम्हाला एक फिल्म दाखवली. तिच्यात हिरवे डोंगर, धुके आणि मेंढ्या होत्या. त्यानंतर त्याने पाठ केलेले वाक्य म्हटले : "इथलं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची चार वर्षं. आमची तीन वर्षांची व्हिस्की तिकडच्या बारा वर्षांच्या बरोबरीची."

महोदय, हे खरे नाही. उष्णतेने लाकडातला रंग, गोडवा आणि तुरटपणा लवकर उतरतो, एवढे खरे. पण व्हिस्की मुरणे म्हणजे नुसते लाकूड उतरणे नव्हे. लाकडाच्या छिद्रांतून आत येणाऱ्या हवेने जे सावकाश बदल होतात, त्यांचा वेग उन्हाच्या हिशेबात चौपट होत नाही. गरम प्रदेशात बॅरल गरजेपेक्षा जास्त काळ ठेवले तर व्हिस्की कडवट लाकडी लागू शकते. म्हणून इथल्या वर्षाला चाराने गुणून चालत नाही.

आणि गुणायची गरजही नाही, कारण इथे जे घडते ते सांगण्यासारखे आहे. स्कॉटलंडमध्ये बॅरलमधून वर्षाला साधारण दोन टक्के व्हिस्की उडून जाते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीत, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर, हे प्रमाण दहा-बारा टक्क्यांपर्यंत जाते. तैवानच्या कवालान डिस्टिलरीलाही तिथल्या उष्ण, दमट हवेमुळे स्कॉटलंडपेक्षा कितीतरी जास्त घट सोसावी लागते. दहा टक्के धरले तर २०० लिटरच्या बॅरलमध्ये चार वर्षांनी सुमारे १३१ लिटर उरतात आणि आठ वर्षांनी सुमारे ८६. दोन टक्क्यांच्या हिशेबाने तिकडे बारा वर्षांनीही १५७ लिटर शिल्लक असतात. गरम देशातली व्हिस्की वयाने लहान असते त्यामागे घाई नसते, बॅरल रिकामे होत जाते हे त्याचे मोठे कारण आहे. हे गाईडने सांगितले असते तर आमच्यासोबतच्या लोकांनी त्या बाटलीकडे आदराने पाहिले असते.

त्यातही विदर्भ हा बंगळुरू किंवा गोव्यासारखा नाही. इथे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, जुलैत ओलीचिंब, आणि डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास. कोरड्या हवेत बॅरलमधून अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त उडते आणि आतल्या व्हिस्कीची तीव्रता वाढू शकते. दमट हवेत याच्या उलट होते. म्हणजे एकाच बॅरलला एकाच वर्षात दोन्ही सोसावे लागते. दिवसा तापून स्पिरिट लाकडात शिरते, रात्री थंड होऊन मागे येते. आपल्या प्रयोगशाळेत दर मोसमाला बॅरलमधली तीव्रता मोजत असतील. ते आकडे पाहायला मी आलो होतो.

ही माहिती आपल्याच माणसांकडे आहे. फर्मेंटरपाशी मी गाईडला विचारले की मे महिन्यात वॉश (आंबत असलेला धान्याचा रस) थंड कसा ठेवता. त्याला सांगता आले नाही. शेजारी उभ्या असलेल्या ऑपरेटरने सांगितले : पस्तीस अंशांच्या वर गेले की यीस्ट दमते, म्हणून वॉश सतत थंड पाण्याच्या एक्स्चेंजरमधून फिरवावा लागतो, आणि कूलिंग टॉवर मेमध्ये उत्तम चालतो, खरा त्रास पावसाळ्यात होतो, आपल्या घरच्या डेझर्ट कूलरसारखाच. एका मिनिटात आमच्या मेहुण्यांना सगळे समजले. त्यांनी आयुष्यात प्रयोगशाळा पाहिलेली नाही. हा माणूस मराठीत बोलत होता. गाईडचे सगळे हिंदी-इंग्रजीत चालले होते आणि त्यातले निम्मे व्याह्यांच्या डोक्यावरून गेले.

आणखी एक चूक दुरुस्त करावी. ज्या उंच कॉलममधून ईएनए (जवळपास शुद्ध, बिनचवीचा अल्कोहोल) निघत होता, तो दाखवून "इथे आमची सिंगल माल्ट बनते" असे सांगण्यात आले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सिंगल माल्ट ही फक्त मोड आणलेल्या बार्लीची, पॉट स्टिलमध्ये (हंड्यासारख्या भट्टीत) गाळलेली आणि एकाच डिस्टिलरीतली असावी लागते. बाहेर सायलोपाशी आम्ही उतरताना पाहिले ते धान्य मका आणि तांदळाची कणी होती. मका आणि कणीपासून स्पिरिट काढण्यात कमीपणा नाही, इथल्या शेतकऱ्याचा माल त्यात जातो याचा मला आनंदच आहे. मग त्याला दुसऱ्याचे नाव का द्यावे?

माझ्या मागण्या अशा आहेत. गोदामाची फेरी जाहिरातीत असून दाखवली नाही, म्हणून चौघांच्या तिकिटाची निम्मी रक्कम परत मिळावी. एप्रिल ते मृगापर्यंत भेटी सकाळी सात ते दहा याच वेळेत ठेवाव्यात, वाटेत माठ आणि सावली असावी, ओआरएस हाताशी असावे, आणि चव देण्याआधी प्रत्येकाला पाणी द्यावे. स्टिल हाउसच्या दारावर मराठी पाटी आणि मोबाइल ठेवायला कुलपाचे कप्पे करावेत. पेला देण्यापूर्वी वय तपासावे. गाईडचे पाठांतर आपल्या ऑपरेटर आणि केमिस्टकडून दुरुस्त करून घ्यावे, आणि शक्य असेल तर टूर त्यांच्यापैकीच कुणाच्या हाती द्यावी. गोदाम पहाटे उघडा. तेव्हा तिथे उभे राहता येते, मी आमच्या स्पिरिटच्या गोदामात उन्हाळ्यात त्याच वेळी नमुने काढायचो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी आमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. राहत्या जिल्ह्यात ती करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. भाच्याच्या वयाची बाब मी राज्य उत्पादन शुल्क विभागाला स्वतंत्रपणे कळवतो आहे, ती आपल्या उत्तरावर अवलंबून नाही.

आपला,
एक ग्राहक व निवृत्त आसवनी केमिस्ट
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

सोबत : तिकिटाची पावती, जाहिरातीची प्रत