शीलाला, रविवारी रात्री

शीले,

आधी शिव्या देऊन घे. ख्रिसमसला तुझा फोन आला तेव्हा मी बुकिंगच्या खिडकीवर होते, बाहेर ही लाइन, म्हटलं रात्री करते, आणि ती रात्र काही आली नाही. मम्मीचे गुडघे तसेच, माझी शुगर काठावर, बाकी सगळं ठीक.

आता ऐक. काल संध्याकाळी साडेपाचला मेसेज आला. मुलगी आहे. सहा वर्षांची.

मी दत्तकाचा फॉर्म भरला ते फक्त तुलाच नीट माहीत आहे, तीन वर्षं होऊन गेली त्याला. मग मीच तो विषय बंद केला कारण तू दर वेळी विचारायचीस आणि माझ्याकडे सांगायला नंबर थोडा पुढे सरकला एवढंच असायचं. एकट्या बाईला दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल तर वय 40 च्या आत लागतं, ते माझं तेव्हाच उलटून गेलेलं, म्हणून मी चार ते आठ लिहिलं, तिथे 50 पर्यंत चालतं. नावबिव तुला आत्ता सांगत नाही, सांगायचं नसतं. पोर्टलवर फोटो आहे, तिचा रिपोर्ट आहे, मेडिकल आहे, आणि 48 तास आहेत. तेवढ्यात रिझर्व्ह करायचं, नाहीतर ती फाइल पुढच्याकडे जाते. म्हणजे उद्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत. आत्ता रात्रीचे पावणेबारा वाजलेत, मम्मी झोपलीय, आणि मी हे टाइप करतेय.

तुला वाटेल यात विचार काय करायचा, तीन वर्षं हेच तर मागत होतीस. पण रिपोर्टमध्ये एक ओळ आहे. ती याआधी एका घरात जाऊन आलीय. चार महिने राहिली आणि त्यांनी परत आणून सोडलं. कारण लिहिलंय ‘जुळवून घेता आले नाही’. कुणाला आलं नाही ते लिहिलेलं नाही. आणि त्याच्या खाली, मूल आपली पिशवी सतत स्वतःजवळ ठेवते, झोपतानाही.

मी ती ओळ कालपासून किती वेळा वाचली असेल देव जाणे. एकदा परत आलेलं मूल, शीले. मला जमलं नाही तर? माझी शिफ्ट कधी सकाळी सहाची तर कधी रात्रीची, मम्मी 73 ची. सरकारी दत्तक रजा एक वर्षाच्या आतल्या बाळासाठीच असते, पण चाइल्ड केअर लीव्ह 730 दिवस आहे पूर्ण नोकरीत मिळून, ती मी कॅलेंडर घेऊन मोजत बसले काल, आता सहा महिने घेतली तर मागे किती उरते, दहावीला किती ठेवायची. दहावीला! अजून बटण दाबलं नाही. पण खरी भीती रजेची नाहीच आहे. खरी भीती ही की तिला परत पाठवणारी दुसरी बाई मी निघाले तर.

आज चर्चला वही घेऊन गेले. म्हटलं उपदेशात काहीतरी मिळेल, एखादा शब्द तरी. पाळकसाहेब पाऊण तास दशमांशावर बोलले. तुझी इतकी आठवण आली, तू असतीस तर मला कोपर मारून म्हणाली असतीस की घे, दहा टक्के मुलगी घे. नंतर पायरीवर पाळकबाईंनी विचारलं चेहरा असा का, तर मी सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, प्रार्थना कर, आणि मनाला शांती मिळाली तरच पुढे जा. शांती नसेल तर समज की ते देवाचं नाही.

आणि तिथे माझ्या पोटात गोळा आला. का ते तुलाच कळेल.

राणीच्या बागेतला तो बाक. 2007. तू स्थळाचं सांगितलंस, की मुलगा पाळक आहे, नगर जिल्ह्यात मंडळी आहे, तू हो म्हणणार आहेस, आणि मी तुला काय म्हणाले? ‘मी तुझ्यासाठी प्रार्थना केली, मला शांती वाटत नाही, हे देवाकडून नाहीये.’ चार महिने बोलली नव्हतीस माझ्याशी, बरोबर केलंस. लग्नात मी गायनवृंदात उभी राहून गायले आणि आपण दोघीही रडलो आणि सगळं मिटलं असं धरून चाललो. पण मी तुला कधी हे सांगितलं नाही की त्या आठवड्यात मी प्रार्थना केलीच नव्हती. एकदाही नाही. तू भायखळा सोडून जाणार, रविवारी माझ्या शेजारची जागा रिकामी होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती माझी भीती होती आणि मी तिच्यावर देवाची सही ठोकली. इतकी वर्षं मनात ठेवलं, आज लिहितेय. माफ कर. तू केलं असशीलच, पण मी मागितली नव्हती.

म्हणून आज मला माझ्या ‘शांती’वर विश्वास ठेवता येत नाहीये. नाही वाटतं ते देवामुळे की सकाळच्या शिफ्टमुळे? आणि हो वाटतं ते तरी देवामुळे, की घरी आल्यावर टीव्ही सोडून कुणीतरी बोलावं म्हणून? मला खरंच वेगळं करता येत नाही गं.

रात्री जेवण झाल्यावर बायबल घेऊन बसले. आपण तरुण संघात असताना डोळे मिटून बोट ठेवायचो तसं नाही हां, ते मी सोडलं, तुझं बोट लेवीयमधल्या महारोगाच्या नियमांवर पडलं होतं आणि तू पंधरा दिवस हातावरचे डाग बघत फिरत होतीस. नीट बसून योना वाचला. आणि एक गोष्ट दिसली जी मला कुणी शब्बाथ शाळेत सांगितली नव्हती. योना देवापासून पळून तार्शीशला निघालाय, वादळ सुटलंय, खलाशी ओरडतायत, आणि हा तळाशी गाढ झोपलाय. झोपलाय! म्हणजे शांती होती त्याला. भरपूर होती. आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशू जे करायला आला होता तेच करायला निघालाय, तर लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, आणि तो बापाला विचारतोय की हा प्याला टळेल का. तिथे कुठे होती शांती? मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसले. पाळकबाईंचं चूक म्हणत नाही मी, त्यांनी मायेने सांगितलं. पण झोप लागते की नाही यावरून देव कुठे आहे ते ठरत नसेल बहुतेक.

गिदोनाची लोकर पण आठवली. एका रात्री लोकर ओली जमीन कोरडी, दुसऱ्या रात्री उलटं. आपण नेहमी म्हणायचो की त्याने देवाची इच्छा कळावी म्हणून चिन्ह मागितलं. पण शास्ते सहावा अध्याय परत वाच, देवाने त्याला लढाईला जा म्हणून आधीच सांगितलेलं असतं. काय करायचं ते त्याला माहीत होतं, तो घाबरलेला होता. आणि देव त्याच्यावर चिडला नाही, दोन रात्री त्याच्या भीतीसाठी थांबला. मला त्याचं इतकं बरं वाटलं काय सांगू.

आणि प्लीज मला यिर्मया 29:11 पाठवू नकोस, ते देवाच्या मनात तुमच्या हिताचेच विचार आहेत वालं वचन, वहिनीने गुलाबाच्या फोटोवर पाठवलंय. त्याच्या वरची ओळ वाच, 70 वर्षं बाबेलमध्ये राहा म्हणून लिहिलंय.

दादाचं ऐक. काल फोनवर म्हणाला, कुणाचं रक्त असेल काय माहीत. मी गप्पच बसले. तर मम्मी, जी तीन वर्षं मला या वयात कशाला म्हणतेय, तिने फोन ओढून घेतला आणि म्हणाली, माझी आजी कुणाचं रक्त होती ते सांग मग मला. तुला माहितीय ना आमची पणजी, 1900 च्या दुष्काळातली, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. चारेक वर्षांची असेल. गावाचं नाव तिला शेवटपर्यंत आठवलं नाही. तिच्यापासून आम्ही सगळे, दादासकट. दादाने फोन ठेवला, पण अर्ध्या तासाने मेसेज केला की शाळेची चौकशी करू का. माझ्यानंतर कोण बघेल त्या कागदावर सही करताना याच माणसाने दोन महिने लावले होते.

मम्मीने मग माहीमच्या आत्याची पण आठवण काढली. तिने बाळूदादाला पोटच्या पोरासारखं वाढवलं, पण तेव्हा आपल्याला दत्तकाचा कायदाच लागू नव्हता, 1956 चा हिंदूंसाठी, ख्रिस्ती माणसाला फक्त 1890 चा पालकत्वाचा. म्हणजे कागदावर ती गार्डियनच, तेही तो सज्ञान होईपर्यंत. तो गेल्या वर्षी तिच्या मातीला उभा होता आणि फॉर्मवर ‘नाते’ या रकान्यासमोर त्याचा हात थांबला, मी बघितलंय. आता बाल न्याय कायद्याखाली माझी झाली की माझीच, जिल्हाधिकाऱ्यांची ऑर्डर, पूर्ण हक्काची. आत्याला हे मिळायला हवं होतं.

तुझं काय? साहेबांची बदली झाली का, की अजून तिथेच? लेकीला दहावीला किती पडले तेही विचारलं नाही मी. कळव.

मी उद्या सकाळी ड्युटीला निघायच्या आधी रिझर्व्ह करणार आहे. शांती अजून नाहीये, हे लिहिताना हात गार पडलेत. पण या दोन दिवसांत मी कितीही वेळा ‘नाही’ ठरवायला गेले तरी ते नाही देवासमोर तोंडाने बोलता आलं नाही, आणि ‘हो’ आज उपासनेत रडत का होईना बोलता आलं. माझ्याकडे एवढंच आहे. पुढे तिला भेटायचं, मग स्वीकारायचं, मग कागद, खूप आहे अजून. पुढचं त्याच्या हातात. मी त्याला हेही सांगितलंय की तिला दुसऱ्यांदा परत जावं लागू नये यासाठी मला जे बनवायचं असेल ते बनव, आणि लवकर बनव.

संध्याकाळी शिलाई मशीन हॉलमध्ये आणली. कॉटच्या बाजूच्या भिंतीत एक हुक ठोकला, जमिनीपासून तीन फुटांवर, मम्मी म्हणाली एवढ्या खाली कोण लावतं. पिशवीसाठी आहे. लावायची असेल तर लावेल, नाहीतर घेऊन झोपेल.

आता एक सांग, सहा वर्षांची मुलं एकटी झोपतात की शेजारी घ्यायचं असतं? तुझी कशी झोपायची? आणि नवीन जागेत रात्री दिवा चालू ठेवू का? उद्या दुपारी दोननंतर मी घरी असते, फोन कर. साडेपाचच्या आधी कर.

तुझीच,
बेबी