संस्था बदलली तरी फिल्डवरची माणसं तीच ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी आठ वर्षं नाशिकमध्ये एचआयव्हीच्या टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे जास्त धोका असलेल्या लोकांपर्यंत पोचायचं काम) प्रोजेक्टवर फिल्डला होते म्हणून लिहितेय. लोकांना वाटतं हे सगळं काम सिव्हिल करतं. सिव्हिलला टेस्ट होते, एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी सेंटर आहे, २००४ पासून सरकार ही औषधं फुकट देतं, ते खरंच आहे. पण आडगावच्या ट्रक टर्मिनलवर रात्री ड्रायव्हरशी बोलायला, किंवा धंदा करणाऱ्या बाईच्या दारात जाऊन "ताई, चल ना टेस्टला" म्हणायला जातात ती संस्थेची माणसं. नॅकोचा, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेचा, पैसा राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीकडून संस्थेला येतो आणि संस्था आम्हाला मानधन देते. ही पद्धत मला मान्य आहे. पोलिसांना घाबरणारी बाई सरकारी ओळखपत्र बघून दार लावते, आम्हाला आत घेते, कारण आमच्या पीअर एज्युकेटर तिच्यातल्याच असतात.

प्रॉब्लेम पैसे कसे येतात त्यात आहे. आधीच्या हप्त्याचं यूसी (पैसे कुठे खर्च झाले त्याचं प्रमाणपत्र) मंजूर झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, ती फाईल कुठेतरी अडकते, मोठी संस्था स्वतःच्या पैशातून तेवढे महिने काढते, छोटीला ते जमत नाही. आमचं एकदा पाच महिने मानधन आलं नव्हतं. रिपोर्ट मात्र दर महिन्याला मागत होते, आणि आम्ही देतही होतो. पीअरचं रिक्षाभाडं मी घरातून दिलं, तरी दोघी सोडून गेल्याच, एक द्राक्षाच्या पॅकहाऊसला लागली, तिथे आठवड्याला हातात पैसे पडतात, तिला कोण बोलणार? दर सहा महिन्यांनी टेस्ट व्हायला पाहिजे, पण बायका खोली बदलतात, नंबर बदलतात, आणि नवा नंबर त्या पीअरकडेच असतो. सोडून गेलेल्या त्या पीअरच्या यादीतली एक बाई औषधं सोडून गावी गेली, कोणाला कळलंच नाही, परत आली तेव्हा टीबी झालेला होता. ती मला अजून आठवते.

करार दुसऱ्या संस्थेला गेला की नव्या लोकांच्या हातात कोड नंबरांची यादी देतात, पण त्या कोडमागची बाई कोणाच्या शब्दावर टेस्टला येते हे रजिस्टरमध्ये कुठे लिहिलेलं असतं? मुलांच्या मदतीच्या हेल्पलाइनचं, चाइल्डलाइन १०९८ चंच बघा, १९९६ ला मुंबईत टिसमधून (टाटा समाजविज्ञान संस्थेतून) सुरू झालेली, संस्थांनी देशभर वाढवली, २०२३ मध्ये सरकारने स्वतःकडे घेतली. सरकारने चालवावं की संस्थेने, यावर वाद होऊ दे, पण शिकलेल्या, मुरलेल्या माणसांचं पुढे काय, हे आधी कोणीतरी ठरवायला हवं ना.

काही संस्था नुसतं टेंडर भरण्यापुरत्या असतात हेही मी पाहिलंय. त्यांचं ऑडिट कडक करा, वस्तीत येऊन बायकांना विचारा. पण त्यांच्यामुळे सगळ्यांचे हप्ते अडकवू नका. आणि संस्था बदलली तर जुन्या ओआरडब्ल्यू (फिल्डवरचे आउटरीच वर्कर) आणि पीअरना नव्या संस्थेने आधी घ्यायचं, ही अट करारातच टाका.

सिंहस्थाच्या कामासाठी बाहेरून मजूर आणि ट्रक नाशकात येणार, आमच्या फिल्डवरचं काम वाढणार. मागचं मानधन त्याआधी द्या.

– टीआय प्रोजेक्टची माजी कार्यकर्ती, सिडको, नाशिक