गुरूवरची सावली

कोल्हापूर, जानेवारी २०२६

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री साडेदहाला तुझी दुर्बीण गच्चीवर लावली आणि गुरूवरून त्याच्या आयो या चंद्राची सावली सरकताना पाहिली. पट्ट्याच्या कडेला, सुईनं टोचल्यासारखा काळा ठिपका. आधी वाटलं भिंगावर कचरा असेल, म्हणून नेत्रिका फिरवली. ठिपका तिथंच. तासाभरानं बघतो तर जवळजवळ निम्मं बिंब ओलांडून गेलेला.

गुरू सध्या ६३ कोटी किलोमीटरवर आहे. तिथला उजेड इथं पोचायला ३५ मिनिटं लागतात, म्हणजे मला दिसलं ते दहाच्या आधीच घडून गेलेलं होतं! उजेडाला वेळ लागतो हे १६७६ साली रोमर या खगोलशास्त्रज्ञानं या आयोच्याच ग्रहणांवरून ताडलं. पृथ्वी गुरूपासून लांब गेली की ग्रहणं उशिरा दिसायची. वाचलं होतं हे कितीदा, पण परवा अंगावर काटा आला.

तुला एक सांगायचंय. २०१७ साली तू दहा वर्षांची होतीस, दुर्बीण नवी होती. शनीची कडी तेव्हा छान उघडी होती आणि तू नेत्रिकेवरून डोळा काढायला तयार नव्हतीस. "दिसलं ना? चल, उद्या शाळा आहे," म्हणून मी तुला खाली नेलं. एकदाच नाही, कितीतरी वेळा. आता स्वतः बसायला लागल्यावर कळतंय. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ऊब सोडतो, हवा थरथरते, बिंब उकळल्यासारखं दिसतं. मग मध्येच क्षणभर हवा ठरते आणि पट्टे कोरल्यासारखे उठून येतात. त्या क्षणासाठी बसून राहावं लागतं. तू बसली होतीस, मीच उठवलं. फार वाईट वाटतं गं त्याचं.

शनीची कडी आता आपल्याला कडेवरून दिसतात, नुसती रेघ झालीयेत. पुरती उघडायला २०३२ उजाडेल. तेव्हा तू म्हणशील तेवढा वेळ.

हॉस्टेलवरून काही दिसत नाही म्हणतेस, पण ग्रहांना शहराचा उजेड आड येत नाही. अंधारातलं मसाई पठार गाठायचं ते अंधुक तेजोमेघांसाठी. आईनं भडंग पाठवलंय, त्याच खोक्यात १० बाय ५० ची बायनॉक्युलर ठेवलीय. कठड्यावर टेकवून धर, हातात हलते. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ सगळ्यांत तेजस्वी तो गुरू. त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत चंद्र दिसतील, कधी चार, कधी तीनच. रोज वहीत ठिपके काढ. ७ जानेवारी १६१० पासून गॅलिलिओनं तेच केलं होतं. आयो पावणेदोन दिवसांत फेरी मारतो, कॅलिस्टोला जवळजवळ १७ दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याभरात कोण कुठला ते तुझं तुला ओळखता येईल.

रात्री दहाला बघत जा. मीही दहाला गच्चीवर असतो, ठिपके ताडून बघू.

आरशाच्या नळीचं झाकण सापडत नाही. तुझ्या सामानात गेलंय का बघ, दव फार पडतंय.

तुझे बाबा