गॅस संपत नाही, गळतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी दारव्हा तालुक्यात 22 वर्षांपासून फ्रीज-एसी दुरुस्त करतो. पारा 44 च्या वर गेला की दिवसाला सात-आठ फोन येतात आणि बोलणं एकच : 'भाऊ, गॅस संपला वाट्टे, भरून द्या न.'

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तोच वर्षानुवर्षे फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळाला. साबणाचा फेस लावला की नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटापाशी बारीक बुडबुडा फुगतो. माझे उस्ताद हॅलाइड टॉर्च, म्हणजे ज्योतीत तांब्याची चकती तापवणारा दिवा, वापरायचे. गळतीपाशी नेला की निळी ज्योत हिरवी व्हायची. तापलेल्या तांब्यावर क्लोरीन आल्याची ती खूण, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडच्या जुन्या एसींमध्ये बहुतेक आर-22 असतो. एक कार्बन, एक हायड्रोजन, एक क्लोरीन, दोन फ्लोरीन. बारावीत शिकलेला हॅलोअल्केन तो हाच. हायड्रोजनमुळे त्याचा बराचसा भाग खालच्या हवेतच मोडतो, पण उरलेला वर पोचतो, अतिनील किरणांनी त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन फोडत राहतो. जुन्या फ्रीजमधल्या आर-12 मध्ये हायड्रोजनच नव्हता. तो जवळजवळ सगळा वर जायचा, म्हणून ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर आधी तो बंद झाला. शिवाय 1 किलो आर-22 शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. दीड टनाच्या एसीत साधारण 1 किलोच गॅस असतो. उन्हाच्या तडाख्यातून सुटायला आपण एसी लावतो आणि तोच गळून ऊन वाढवतो!

कॉम्प्रेसर बदलताना उरलेला गॅस मीही आभाळात सोडत आलो. सुस्स आवाज, नळीवर पांढरं दंव, की झालं काम. याची मला खंत आहे. पण उरलेला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेणारं रिकव्हरी मशीन एकट्या मेकॅनिकला झेपत नाही, आणि काढलेला गॅस द्यायचा कुठे, याची आमच्या भागात सोय नाही. शासनाने प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये असं एक मशीन ठेवावं, आम्हाला दिवसाच्या भाड्याने द्यावं आणि भरलेले सिलिंडर महिन्यातून एकदा उचलावेत.

वाचकांनाही विनंती. 'भरून द्या' म्हणण्याआधी 'गळती दाखवा' म्हणा. ती शोधायला तासभर जातो, त्या तासाची मजुरी तेवढी द्या.

एक फ्रीज-एसी मेकॅनिक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ